ग्रामपंचायतीचे दप्तर आणि नागरिकांचा अधिकार

(माहिती अधिकार दिनानिमित्त एका पंचायत समितीच्या सभागृहात ग्रामपंचायत अधिकारी, पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



२८ सप्टेंबर हा दिवस अनेक देशांत माहितीच्या अधिकाराचा दिवस म्हणून पाळण्यात येतो. अशा दिवशी कायद्याची कलमे वाचून दाखवावीत, अधिकाराचे महत्त्व सांगावे आणि चहापानानंतर सर्वांनी आपापल्या गावी परतावे, असा एक रिवाज पडून गेला आहे. तो रिवाज आज थोडा बाजूस ठेवण्याची परवानगी मी आपणाकडे मागतो. कायदा काय म्हणतो हे आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. तो आपल्या ग्रामपंचायतींत कितपत पाळला जातो, आणि पाळला जात नसेल तर नेमका कोठे अडतो, एवढ्याच प्रश्नाचा विचार मला आपणाबरोबर करावयाचा आहे.

माझे उत्तर प्रारंभीच सांगून टाकतो. माहितीचा अधिकार अडतो तो दप्तराच्या कपाटात. अर्ज येतो, मुदत सुरू होते, उत्तर लिहिले जाते. या सर्वांच्या आधी कागद जागेवर असावा लागतो. तो जागेवर नसेल तर अत्यंत सद्‌हेतूचा अधिकारीसुद्धा कायदा पाळू शकत नाही.

एका उताऱ्याची गोष्ट

काही वर्षांपूर्वी एका पाणीपुरवठा योजनेवर लेख लिहिण्यासाठी मी एका गावी गेलो होतो. काम आटोपून निघताना पंचायतीच्या ओट्यावर एक वृद्ध बाई बसलेल्या दिसल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले कागद त्यांच्या मांडीवर होते. मी कोणी मोठा साहेब असावा, अशा समजुतीने त्या म्हणाल्या, “साहेब, माझं घर कागदावर हाय का न्हाई, तेवढं बगून सांगा.”

हकीगत साधी होती. कर आकारणीची यादी नव्याने तयार झाली तेव्हा त्यांच्या दिवंगत पतीच्या नावावरील घर यादीतून गळले होते. घरकुलासाठी घराच्या नोंदीचा पुरावा हवा होता. जुन्या यादीत घर होते, म्हणून जुन्या नमुना ८ चा उतारा मिळाला की काम भागणार होते. भाच्याकडून त्यांनी माहिती अधिकाराचा अर्ज लिहून घेतला. उत्तर आले, ‘सदर अभिलेख कार्यालयात आढळून येत नाही.’ त्यांनी अपील केले. अपील ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांनी स्वतः गावात येऊन शोध घेतला, तेव्हा दोन तासांत ती नोंदवही जुन्या चावडीच्या माळ्यावर टीसीएल पावडरच्या पोत्यांखाली सापडली. घर त्या नोंदवहीत होते. नावही होते, घरपट्टीही होती.

अर्जापासून उताऱ्यापर्यंत आठ महिने गेले. तेवढ्या काळात त्या वर्षीच्या घरकुलांची यादी पूर्ण होऊन गेली होती.

या प्रकरणी कोणी लाच मागितली नव्हती, कोणी दांडगाई केली नव्हती. संबंधित अधिकाऱ्याकडे तीन गावांचा कार्यभार होता. तो मला म्हणाला, “मला आधीच्यांनी किल्ल्या दिल्या, यादी दिली नाही.” हे वाक्य मी विसरलेलो नाही. आपल्या ग्रामीण प्रशासनातील एक मोठा दोष त्या एका वाक्यात सामावलेला आहे.

हजेरीपटापासून कायद्यापर्यंत

हा कायदा राजधानीतील विद्वानांनी लिहिला आणि वरून खाली आला, अशी एक समजूत आहे. वस्तुस्थिती उलट आहे. त्याचा उगम गावातील कामावरच्या हजेरीपटात आहे.

राजस्थानात भीम या गावी १ मे १९९० रोजी मजदूर किसान शक्ती संघटनेची स्थापना झाली. दुष्काळी कामांवरील मजुरांना किमान वेतन मिळत नव्हते, आणि विचारणा केली की काम कमी भरले असे सांगण्यात येई. मजुरांचे म्हणणे एवढेच होते, की काम किती भरले आणि कोणाच्या नावे किती पैसे उचलले गेले, ते हजेरीपट दाखवा. तो कागद गोपनीय आहे, असे उत्तर मिळे. आपल्या रोजगार हमीच्या कामावर ज्याला आपण मस्टर म्हणतो, तोच हा कागद.

डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे पहिली जनसुनावणी झाली. मिळालेले कागद गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचण्यात आले. कामावर कधी न गेलेल्यांची नावे, अपुऱ्या कामांची पूर्ण झालेली देयके, सारे उजेडात आले. कागद वाचण्यासाठी तज्ज्ञ लागला नाही. ज्यांच्या नावावर तो लिहिला होता त्यांनीच तो तपासला. एप्रिल १९९६ मध्ये ब्यावर येथे चाळीस दिवसांचे धरणे झाले आणि मागणी देशभर पोहोचली.

पुढे तामिळनाडू व गोवा या राज्यांनी १९९७ मध्ये माहितीच्या अधिकाराचे कायदे केले. महाराष्ट्राने प्रथम २००० साली कायदा केला. तो अपुरा ठरल्यानंतर अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर २००२ चा अधिक व्यापक कायदा आला. संपूर्ण देशासाठीचा माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णतः अमलात आला. स्वीडनने असा कायदा १७६६ मध्येच केला होता, हे लक्षात घेतले म्हणजे आपण किती उशिरा जागे झालो ते कळते. परंतु आपल्याकडे ही मागणी रोजंदारीवरील मजुरांनी केली, हे या कायद्याचे वैशिष्ट्य आहे.

आपल्या परंपरेसही ही कल्पना परकी नाही. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचा तंटा गोतसभेपुढे मिटला म्हणजे महजर लिहिला जाई. त्यावर पाटील आपल्या नांगराची निशाणी करी, बलुतेदार आपापल्या हत्याराची. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांचीही साक्ष त्या कागदावर असे. गावाचा कागद गावासमोर लिहिला जाई. त्या व्यवस्थेत समता नव्हती हे खरेच. पण दप्तर चारचौघांच्या साक्षीचे असावे, ही जाण त्या काळीही होती.

अर्जापूर्वीचे कर्तव्य

आता प्रत्यक्ष कायद्याकडे वळू. माहितीचा अधिकार म्हटला की आपल्यासमोर कलम ६ चा अर्ज, दहा रुपयांचे कोर्ट फी मुद्रांक आणि कलम ७ ची तीस दिवसांची मुदत येते. परंतु सार्वजनिक प्राधिकरणाचे पहिले कर्तव्य कलम ४ मध्ये सांगितले आहे. कलम ४ (१) (क) म्हणते की प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले सर्व अभिलेख रीतसर सूचिबद्ध करून आणि त्यांची निर्देशसूची तयार करून, माहिती मिळणे सुलभ होईल अशा रीतीने ठेवावेत. कलम ४ (१) (ख) मध्ये सतरा बाबी दिल्या आहेत, ज्या कोणी न मागता प्रसिद्ध करावयाच्या आहेत. त्यासाठी अधिनियम झाल्यापासून एकशेवीस दिवसांची मुदत होती. ती मुदत संपून वीस वर्षांच्या वर काळ लोटला आहे.

या सतरा बाबींत अधिकारी व कर्मचाऱ्यांची कर्तव्ये आहेत, अंदाजपत्रक आहे, अनुदानाच्या कार्यक्रमांतील रकमा आणि लाभार्थींचा तपशील आहे. ही माहिती स्थानिक भाषेत आणि त्या भागात परिणामकारक ठरेल अशा मार्गाने द्यावी, असेही कायदा सांगतो. म्हणजे पंचायतीच्या बाहेरील भिंतीवर मराठीत लिहिलेला फलक हा कायद्याचे पालनच होय.

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासात असे दिसून आले, की तपासलेल्या अर्जांपैकी जवळजवळ ७० टक्के अर्जांत मागितलेली माहिती मुळात कोणी न मागताच प्रसिद्ध करावयास हवी होती किंवा संबंधितास आपणहून कळवावयास हवी होती. याचा अर्थ स्पष्ट आहे. अर्जांचा जो भार आपणांस जाचक वाटतो, त्यातील मोठा भाग आपणच निर्माण केलेला आहे. भिंतीवरचा एक फलक दहा अर्ज वाचवू शकतो.

हा भार पुढे कोठे जाऊन साचतो तेही पाहा. आपल्या राज्य माहिती आयोगाकडे २०२३ आणि २०२४ या वर्षांत एक लाखाहून अधिक अपिले व तक्रारी प्रलंबित असल्याचे प्रसिद्ध झाले आहे. गावातील कपाटात ज्याचे उत्तर पाच मिनिटांत मिळाले असते, तो प्रश्न आयोगाच्या दारात रांगेत उभा राहतो. आणि न्याय उशिरा मिळाला म्हणजे काय होते, ते त्या ओट्यावरील बाईंनी आपणांस सांगितलेच आहे.

दप्तर का सापडत नाही?

ग्रामपंचायतीत कागदांची वाण नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत लेखा संहिता, २०११ प्रमाणे अंदाजपत्रकाच्या नमुना १ पासून ३३ पर्यंत नमुने आहेत. रोकड वही आहे, कर आकारणीची व कर मागणीची नोंदवही आहे, ग्रामसभेचे व मासिक सभेचे इतिवृत्त आहे, जन्ममृत्यूची नोंद आहे. लिहिले जात नाही अशी तक्रार फारशी नाही. जे लिहिले ते ठेवले जात नाही, ही खरी अडचण आहे.

याची कारणे आपण मोकळेपणाने मान्य करू. पहिले कारण बदलीचे. अधिकारी बदलतो तेव्हा कार्यभार सोपविण्याची यादी घाईत होते, वा होतच नाही. ‘दप्तर जसे आहे तसे ताब्यात घेतले’ या एका ओळीवर दोघांच्या सह्या होतात आणि त्या ओळीच्या आड कितीतरी नोंदवह्या नाहीशा होतात. दुसरे कारण कामाच्या व्यापाचे. एकाच अधिकाऱ्याकडे दोन-तीन गावे असली की चालू काम उरकण्यातच त्याचा दिवस जातो. तिसरे कारण जागेचे. नवी इमारत होते, जुने दप्तर जुन्या खोलीत राहते, आणि पावसाळे त्याचा निकाल लावतात. चौथे कारण असे, की काय ठेवावे आणि काय काढून टाकावे याचा निर्णय कोणी घेत नाही. कायम ठेवावयाचा ‘अ’ वर्गाचा अभिलेख आणि काम संपल्यावर काढून टाकावयाचा ‘ड’ वर्गाचा कागद एकाच गठ्ठ्यात बांधले जातात. मग एक दिवस जागा हवी म्हणून सगळाच गठ्ठा जातो.

या अडचणी दूर होऊ शकतात, हे याच राज्याने दाखविले आहे. ऐंशीच्या दशकात तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या कामकाजाची पुनर्रचना केली. जुन्या कागदांची छाननी, वर्गवारी, मांडणी आणि नागरिकांचे काम कोठे होईल याची स्पष्टता, अशा साध्या गोष्टींवर ती आधारलेली होती. ‘लखिना पॅटर्न’ या नावाने ती राज्याबाहेरही अभ्यासली गेली. त्या वेळी माहिती अधिकाराचा कायदा नव्हता. तरीही त्या कायद्याचे पहिले कलम त्या कार्यालयात पाळले जाऊ लागले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

‘सापडत नाही’ हे उत्तर नव्हे

माहिती नाकारण्याची कारणे कलम ८ व ९ मध्ये दिलेली आहेत. ‘कागद सापडत नाही’ असे कारण त्यांत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिलेल्या एका निर्णयात स्पष्ट केले, की जी माहिती कधी काळी अभिलेखात होती ती केवळ सापडत नाही म्हणून नाकारता येणार नाही. कसून शोध घेतला पाहिजे आणि तरीही ती मिळाली नाही तर जबाबदारी निश्चित केली पाहिजे.

आपल्या राज्यात महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे. अभिलेख रीत सोडून नष्ट करणे हा या अधिनियमाखाली अपराध असून त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. माहिती अधिकार अधिनियमाखालील दंड आपणांस माहीत आहे, दर दिवसास २५० रुपये आणि कमाल २५,००० रुपये. त्या दंडाची चर्चा सर्वत्र होते. अभिलेख अधिनियमाचे नाव मात्र प्रशिक्षण वर्गातही क्वचित ऐकू येते. भीती घालण्यासाठी मी हे सांगत नाही. आपल्या पूर्वीच्या कोणाच्या तरी चुकीचे ओझे आपल्या डोक्यावर येऊ नये, यासाठी कार्यभार घेताना यादी मागणे हा आपला स्वतःचा बचाव आहे.

शिक्षकांसाठी दोन शब्द

सभागृहात शिक्षक मोठ्या संख्येने आहेत. दप्तराचा हा विषय ग्रामपंचायतीचा, आमचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणास वाटत असेल. वस्तुतः गावातील अत्यंत मोलाचा अभिलेख आपल्या शाळेत आहे. तो म्हणजे शाळेचे जनरल रजिस्टर.

जातीच्या दाखल्यासाठी आणि त्याच्या पडताळणीसाठी जुने पुरावे लागतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांना महत्त्व आहे. त्या तारखांपूर्वीचा पुरावा भूमिहीन कुटुंबाकडे कोठून असणार? सातबारा नाही, खरेदीखत नाही. आजोबा दुसरीपर्यंत शिकले असतील तर त्यांच्या नावाची शाळेतील एक ओळ, एवढाच त्या कुटुंबाचा इतिहास सरकारदरबारी असतो. ती ओळ वाळवीने खाल्ली तर नातवाचा अभियांत्रिकीचा प्रवेश अडतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला. त्या वेळी शाळांची रजिस्टरे, जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी, मोडीतील कागद या सर्वांची पाने उलटली गेली. त्या प्रश्नाच्या राजकीय बाजूविषयी बोलण्याचे हे स्थान नव्हे. परंतु ज्या कागदांकडे आपण वर्षानुवर्षे धूळ म्हणून पाहत होतो, त्यांवर हजारो कुटुंबांचे लक्ष एका रात्रीत खिळू शकते, एवढा धडा आपण त्यातून घ्यावा. मुख्याध्यापकांनी रजिस्टराची छायाप्रत किंवा संगणकीय प्रत दुसऱ्या जागी ठेवावी आणि मूळ रजिस्टर कोरड्या, बंद कपाटात ठेवावे, हे काम आजच सुरू करण्यासारखे आहे.

अर्जदार आणि अधिकारी

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. काही अर्जदार एकाच कार्यालयात अर्जांची रास लावतात; काहींचा हेतू माहितीपेक्षा जाचाचा असतो. अधिकाऱ्यांची ही तक्रार खोटी नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ च्या एका निर्णयात सरसकट व अव्यवहार्य मागण्यांविषयी सावधगिरीचा इशारा दिला आहे. त्याच निर्णयात असेही सांगितले आहे, की जी माहिती अभिलेखात आहे तीच द्यावयाची असते. नवी माहिती तयार करण्याचे किंवा मत देण्याचे बंधन अधिकाऱ्यावर नाही. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि सर्वसाधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा, अशी तरतूद आहे. या मर्यादा अधिकाऱ्याचे रक्षण करतात. मात्र मर्यादेचा आधार घेण्यासाठीसुद्धा आपल्याकडे काय आहे आणि काय नाही हे सांगता आले पाहिजे. सूची नसलेला अधिकारी तेही सांगू शकत नाही.

खाजगीपणाचा प्रश्नही आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ने कलम ८ मधील वैयक्तिक माहितीविषयीचा अपवाद अधिक व्यापक केला आहे. तथापि अपायापेक्षा जनहित मोठे असेल तर माहिती देता येते, ही कलम ८ (२) मधील तरतूद कायम आहे, आणि लाभार्थींचा तपशील प्रसिद्ध करण्याचे कलम ४ चे कर्तव्यही कायम आहे. एखाद्याचा आजार, बँक खात्याचा क्रमांक, आधार क्रमांक या गोष्टी झाकाव्यात. कोणत्या रस्त्यावर किती खडी पडली, ती कोणी पुरविली आणि किती रुपये दिले, ही कोणाची खाजगी बाब नाही. कागदाचा जो भाग देता येत नाही तो वगळून उरलेला भाग द्यावा, असे कलम १० सांगते. त्यामुळे एका ओळीसाठी सबंध संचिका नाकारण्याचे कारण उरत नाही.

आणि अर्जदाराला त्रासदायक म्हणण्यापूर्वी आपण हेही आठवावे, की १३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव दाभाडे येथे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची हत्या झाली. कागद मागणे हे काही वेळा जिवावर बेतणारे काम असते. जो कागद आधीच भिंतीवर लागलेला आहे तो मागण्यासाठी कोणा एकट्याला पुढे यावे लागत नाही, आणि म्हणून कोणा एकट्यावर राग धरताही येत नाही. अर्जाविना दिलेली माहिती अशा रीतीने नागरिकाचेही रक्षण करते.

करता येण्याजोगे

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. त्यांना फारसा खर्च लागत नाही.

एका गावात मी पंचायतीचे कपाट उघडलेले पाहिले. दाराच्या आतील बाजूस एक कागद चिकटविलेला होता. कोणत्या कप्प्यात कोणत्या नोंदवह्या, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, एवढेच त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिले होते. मी कुतूहलाने एक जुनी मागणी नोंदवही मागितली. शिपायाने ती तीन मिनिटांत काढून दिली. अधिकारी त्या दिवशी गावात नव्हते, तरीही काम अडले नाही. सूचीचा हा सर्वांत साधा प्रकार आहे, आणि तो प्रत्येक ग्रामपंचायतीस शक्य आहे.

दुसरी गोष्ट कार्यभाराची. बदलीच्या वेळी सूचीप्रमाणे प्रत्येक नोंदवही मोजून, पानांची संख्या नोंदवून ताबा द्यावा. तिची एक प्रत पंचायत समितीकडे पाठवावी आणि तिची नोंद मासिक सभेच्या इतिवृत्तात घ्यावी. पंचायत सदस्यांनी ही यादी सभेत मागावी. ती मागणे हा अविश्वास नव्हे.

तिसरी गोष्ट निंदणीची. वर्षातून एकदा कागदांची वर्गवारी करून मुदत संपलेले कागद रीतसर मंजुरीने काढावेत आणि काय काढले त्याची नोंद कायम ठेवावी. शेतात जसे तण, तसे दप्तरात निरुपयोगी कागद. ते काढले नाहीत तर कामाचे पीक दिसत नाही.

चौथी गोष्ट अवलोकनाची. जिल्हास्तरीय कार्यालये व स्थानिक स्वराज्य संस्था यांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, अशी व्यवस्था शासनाने नोव्हेंबर २०१८ मध्ये घालून दिली. गावाच्या पातळीवर बाजाराचा दिवस टाळून असे दोन तास ठरविले तर अर्जाशिवायच पुष्कळ शंका मिटतील. कागद डोळ्यांनी पाहिलेला माणूस सहसा अपील करीत नाही.

पाचवी गोष्ट ग्रामसभेची. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे वार्षिक हिशेब, प्रशासन अहवाल आणि लेखापरीक्षेची टिपणी ग्रामसभेपुढे ठेवावयाची असते. हे कागद नुसते टेबलावर ठेवले जातात की वाचून दाखविले जातात, यात मोठा फरक आहे. हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडून त्यावरून पिके ठरविण्याची पद्धत पाडली. लोकांनी तो मानला, कारण तो त्यांच्यासमोर मांडला गेला. पैशाच्या ताळेबंदास वेगळा न्याय नाही. २४ एप्रिल २०२० पासून ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर पंचायतींचे आराखडे व खर्च पाहता येतात, ही चांगली सोय आहे. परंतु संगणकाच्या पडद्यावरील आकडा ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी ग्रामसभेतील आवाज आणि भिंतीवरील खडू अजूनही लागतो.

समारोप

मित्रहो, १ मे १९६२ रोजी या राज्यात त्रिस्तरीय पंचायत राज्य आले, तेव्हा सत्ता गावापर्यंत पोहोचावी ही त्यामागील दृष्टी होती. सत्तेबरोबर पैसा आला, योजना आल्या, आणि त्यांचे कागदही आले. आज राज्यात अठ्ठावीस हजारांच्या आसपास ग्रामपंचायती आहेत. त्यांपैकी प्रत्येकीत एक कपाट आहे. त्या कपाटातील वस्तू पंचायतीच्या मालकीच्या नाहीत, सरपंचांच्या नाहीत, अधिकाऱ्यांच्याही नाहीत. त्या गावाच्या आहेत. आपण काही वर्षांपुरते त्यांचे राखणदार आहोत.

माहिती अधिकार दिनाचे फलक उद्या उतरतील. आपण आपापल्या गावी परत गेल्यावर एकच काम करावे, अशी माझी विनंती आहे. कपाट उघडा, आत काय आहे ते एका कागदावर लिहा आणि तो कागद दाराच्या आत चिकटवा. पुढच्या वेळी ओट्यावर बसलेल्या कोणा मावशींनी “माझं घर कागदावर हाय का?” असे विचारले, तर त्यांना आठ महिने थांबावे लागू नये.